ऑनलाइन नकाशा सेवांमधील उपग्रह प्रतिमा

ऑनलाइन नकाशा सेवांमधील उपग्रह प्रतिमा म्हणजे कृत्रिम उपग्रहांनी अवकाशातून आणि काही ठिकाणी विमानांनी आकाशातून टिपलेल्या भूपृष्ठाच्या प्रतिमा एकमेकींना जोडून तयार केलेला व इंटरनेटवर पाहता येणारा अखंड पट होय. गूगल अर्थ, गूगल मॅप्स, बिंग मॅप्स, एस्री या कंपनीची वर्ल्ड इमेजरी आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे (इस्रो) भुवन या अशा प्रतिमा पुरवणाऱ्या प्रमुख सेवा आहेत.

हा पट पाहताना संपूर्ण पृथ्वीचे एकच छायाचित्र पाहत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्याचे तुकडे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ऋतूंत आणि वेगवेगळ्या क्षमतेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले असतात. त्यामुळे त्यावर दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लावताना तीन बाबी तपासाव्या लागतात: प्रतिमा केव्हाची आहे, तिच्यात किती बारकावे दिसू शकतात आणि ती भूपृष्ठावर कितपत अचूक बसवलेली आहे. शेताची हद्द, नदीची पूररेषा किंवा डोंगराची कोसळलेली कडा यांविषयी निष्कर्ष काढताना या बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

इतिहास

पृथ्वीच्या पृष्ठभागाचे नियमित निरीक्षण करणारा पहिला नागरी उपग्रह लँडसॅट-१ हा २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने सोडला. भारताचा पहिला कार्यरत सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. २८ डिसेंबर १९९५ रोजी सोडलेल्या आयआरएस-१सी या भारतीय उपग्रहाच्या कृष्णधवल कॅमेऱ्याची विभेदन क्षमता ५.८ मीटर होती व त्या काळच्या नागरी उपग्रहांत ती अग्रगण्य मानली जात असे. सप्टेंबर १९९९ मध्ये अवकाशात गेलेल्या इकोनॉस या खासगी उपग्रहाने सुमारे एक मीटर विभेदनाच्या प्रतिमा प्रथमच बाजारात उपलब्ध करून दिल्या.

या प्रतिमा सामान्य माणसापर्यंत पोहोचल्या त्या इंटरनेटमुळे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये टेरासर्व्हर या संकेतस्थळावर अमेरिकेच्या भूभागाची हवाई छायाचित्रे खुली केली. कीहोल या अमेरिकी कंपनीने पृथ्वीचा फिरता त्रिमितीय गोल संगणकावर दाखवणारी आज्ञावली तयार केली होती. २००४ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स सुरू झाले, एप्रिलमध्ये त्यात उपग्रह प्रतिमांची भर पडली आणि जून २००५ मध्ये कीहोलची आज्ञावली गूगल अर्थ या नावाने मोफत उपलब्ध झाली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी व्हर्च्युअल अर्थ ही सेवा सुरू केली. तिलाच पुढे २००९ मध्ये बिंग मॅप्स हे नाव मिळाले. १२ ऑगस्ट २००९ रोजी इस्रोने भुवन हे संकेतस्थळ सुरू केले. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र त्याचे संचालन करते.

प्रतिमांचे स्रोत

नकाशा सेवा चालवणाऱ्या कंपन्या बहुतांश प्रतिमा इतरांकडून घेतात. या प्रतिमांचे ढोबळमानाने तीन स्रोत आहेत.

पहिला स्रोत सरकारी उपग्रहांचा. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेच्या प्रतिमा २००८ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमाही विनामूल्य आहेत. नकाशा लहान करून संपूर्ण खंड किंवा देश पाहिला असता जे हिरवे-तपकिरी चित्र दिसते, ते साधारणपणे अशा उपग्रहांच्या प्रतिमांपासून बनवलेले असते.

दुसरा स्रोत खासगी उपग्रहांचा. क्विकबर्ड (२००१), जिओआय-१ (२००८) आणि वर्ल्डव्ह्यू-३ (२०१४) हे या प्रकारातील महत्त्वाचे उपग्रह होत. नकाशा मोठा करत गेल्यावर दिसणारी घरे, रस्ते व झाडे बहुधा अशा उपग्रहांनी टिपलेली असतात.

तिसरा स्रोत विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा. अमेरिका व युरोपातील अनेक शहरांच्या अतिशय स्पष्ट प्रतिमा हवाई छायाचित्रणातून मिळालेल्या आहेत. नकाशा सेवा मात्र या सर्वांना सरसकट ‘उपग्रह’ याच नावाने दाखवतात. दोन देशांतील शहरे सारख्याच स्पष्टतेने का दिसत नाहीत, याचे एक कारण या भेदात आहे.

विभेदन

प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोनी ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका पिक्सेलमध्ये जमिनीचा किती लांबी-रुंदीचा तुकडा सामावतो, यावरून प्रतिमेचे अवकाशीय विभेदन ठरते. हा आकडा जितका लहान, तितकी प्रतिमा अधिक बारकाव्याची असते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराच्या उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होतो. या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. लँडसॅटच्या ३० मीटर विभेदनाच्या प्रतिमेत ते साधारण ६० पिक्सेल रुंद दिसते. विवराची गोलाई, पाणी आणि भोवतालची झाडी त्यात ओळखता येते, परंतु काठावरची मंदिरे ओळखता येत नाहीत. सेंटिनेल-२ च्या १० मीटर विभेदनाच्या प्रतिमेत तेच विवर सुमारे १८० पिक्सेल रुंद होते आणि पायवाटा व शेतांचे बांध अंधुकपणे जाणवू लागतात. अर्ध्या मीटरच्या प्रतिमेत मंदिरांचे छप्पर आणि सुटी झाडे वेगळी दिसतात.

एखादी वस्तू नुसती जाणवणे आणि ती काय आहे हे ओळखता येणे यांतही फरक आहे. वस्तू ओळखण्यासाठी ती काही पिक्सेलवर पसरलेली असावी लागते. ३० सेंटीमीटर विभेदनाच्या प्रतिमेत मोटारगाडी दिसते, परंतु तिच्या क्रमांकाची पाटी वाचता येत नाही. माणसाचा चेहरा ओळखण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

बारकाव्याची किंमत उपग्रहाला अन्यत्र मोजावी लागते. लँडसॅट एका फेरीत सुमारे १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो, सेंटिनेल-२ सुमारे २९० किलोमीटरचा, तर ३१ सेंटीमीटर विभेदनाच्या वर्ल्डव्ह्यू-३ चा पट्टा जेमतेम १३ किलोमीटर रुंद असतो. त्यामुळे सूक्ष्म विभेदनाचे उपग्रह सगळीकडे सारख्या वारंवारतेने पाहू शकत नाहीत. मागणी असलेल्या महानगरांच्या प्रतिमा वरचेवर घेतल्या जातात. दुर्गम खेड्यांच्या, वाळवंटांच्या आणि समुद्राच्या वाट्याला जुन्या किंवा ढोबळ प्रतिमा येतात.

रंगांच्या बाबतीतही एक तांत्रिक तडजोड असते. उपग्रहाचा कृष्णधवल कॅमेरा बारीक तपशील टिपतो आणि रंगीत कॅमेरा तुलनेने ढोबळ असतो. वर्ल्डव्ह्यू-३ च्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे ०.३१ मीटर आणि १.२४ मीटर आहेत. दोन्ही प्रतिमा संगणकावर एकत्र करून बारीक व रंगीत प्रतिमा तयार केली जाते. म्हणून नकाशावरील रंग हे प्रक्रिया केलेले रंग असतात.

चौकटी आणि झूम पातळ्या

एवढा मोठा पट एकाच वेळी वापरकर्त्याच्या संगणकावर पाठवणे अशक्य असते. म्हणून तो २५६ बाय २५६ पिक्सेलच्या चौकोनी चौकटींत विभागलेला असतो. शून्य झूम पातळीवर जवळजवळ संपूर्ण जग एकाच चौकटीत मावते. पुढच्या प्रत्येक पातळीवर एका चौकटीच्या चार चौकटी होतात. या हिशेबाने अठराव्या पातळीवर सुमारे ६,८७२ कोटी चौकटी होतात. वापरकर्ता जो भाग पाहत असेल, तेवढ्याच चौकटी त्याच्याकडे पाठवल्या जातात. इंटरनेट मंद असताना चित्र आधी धूसर दिसते व मग तुकड्यातुकड्याने स्पष्ट होते, ते यामुळेच.

अठराव्या पातळीवर विषुववृत्तावरील एक पिक्सेल सुमारे ६० सेंटीमीटरचा, तर मुंबईच्या अक्षांशावरील पिक्सेल सुमारे ५६ सेंटीमीटरचा असतो. झूम पातळी वाढवली म्हणून मूळ प्रतिमेचे विभेदन मात्र वाढत नाही. मूळ प्रतिमा दोन मीटरची असेल, तर कितीही जवळ गेले तरी तेच ठिपके मोठे होऊन दिसतात.

बहुतेक सेवा आपल्या सपाट नकाशासाठी मर्केटर प्रक्षेपणाचा एक प्रकार वापरतात. या प्रक्षेपणात ध्रुवांकडील प्रदेश प्रत्यक्षाहून फार मोठे दिसतात. त्यामुळे पडद्यावर केवळ नजरेने क्षेत्रफळांची तुलना करणे फसवे ठरते.

जोडचित्र आणि प्रतिमेची तारीख

अनेक प्रतिमा जोडून केलेल्या पटाला जोडचित्र किंवा मोझेक म्हणतात. ते तयार करताना ढग नसलेल्या प्रतिमा निवडल्या जातात, त्यांचे रंग एकमेकांशी जुळवले जातात आणि सांधे शक्य तितके लपवले जातात. तरीही लक्षपूर्वक पाहिल्यास सांधे सापडतात. सांध्याच्या एका बाजूला हिरवी शेते आणि दुसऱ्या बाजूला करडी नांगरट दिसते. धरणाच्या जलाशयात एकीकडे भरलेले पाणी, तर दुसरीकडे उघडा पडलेला गाळ दिसू शकतो. एखादा पूल अर्धाच बांधलेला दिसतो आणि सांध्यापलीकडे त्याचा रस्ता मात्र पूर्ण झालेला असतो.

काही वेळा सांध्यांऐवजी यंत्रातील दोष प्रतिमेत उतरतो. लँडसॅट-७ या उपग्रहाच्या एका यंत्रभागात मे २००३ मध्ये बिघाड झाला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक प्रतिमेत तिरप्या रिकाम्या पट्ट्या राहू लागल्या. गूगलने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक जोडचित्रात या उपग्रहाच्या प्रतिमा वापरल्या होत्या व काही भागांत पट्ट्यांच्या खुणा दिसत असत. २०१६ मध्ये लँडसॅट-८ च्या प्रतिमा वापरून हे चित्र नव्याने करण्यात आले.

तारखेचे महत्त्व लोणारच्याच उदाहरणातून लक्षात येते. एरवी हिरवट दिसणारे लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले. लँडसॅट-८ ने मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलेल्या प्रतिमांत हा बदल स्पष्ट दिसतो. दोन्ही प्रतिमा खऱ्या आहेत, परंतु जोडचित्रात त्यांपैकी एकच बसू शकते. तारीख न पाहणाऱ्या वाचकाला सरोवर कायमचे हिरवे किंवा कायमचे गुलाबी वाटेल.

गूगल मॅप्समध्ये पडद्याच्या तळाशी दिसणारे वर्ष स्वामित्वहक्काचे असते. ते प्रतिमा टिपल्याचे वर्ष नव्हे. संगणकावरील गूगल अर्थमध्ये प्रतिमेची तारीख खालच्या पट्टीत दाखवली जाते. २००९ पासून त्यात जुन्या प्रतिमा पाहण्याचीही सोय आहे. एस्रीच्या वेबॅक या संग्रहात २०१४ पासूनच्या पटाच्या आवृत्त्या जतन केलेल्या आहेत. मात्र त्या आवृत्तीची तारीख ही प्रकाशनाची असते आणि प्रतिमा त्याहून जुनी असू शकते.

स्थाननिश्चितीची अचूकता

प्रतिमा कितीही स्पष्ट असली, तरी ती नकाशावर योग्य जागी बसवलेली असेलच असे नाही. उपग्रह अनेकदा सरळ खाली न पाहता तिरक्या कोनातून पाहतो. अशा प्रतिमेत उंच इमारती एका बाजूला कललेल्या दिसतात. उपग्रहाची नजर उभ्या रेषेपासून २० अंश कललेली असेल, तर १०० मीटर उंच इमारतीचा माथा तिच्या पायापासून सुमारे ३६ मीटर सरकलेला दिसतो. डोंगरांच्या बाबतीतही हेच घडते.

हा दोष काढण्यासाठी जमिनीच्या उंचीची माहिती वापरून प्रतिमा दुरुस्त केली जाते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारच्या साहाय्याने जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजण्यात आली. अनेक सेवांनी ही माहिती वापरली आहे. सह्याद्रीसारख्या तुटलेल्या कड्यांच्या प्रदेशात उंचीची माहिती पुरेशी बारीक नसल्यास दुरुस्तीनंतरही काही मीटरांची चूक राहते. त्रिमितीय दृश्यात दरीवरचे पूल खाली वितळल्यासारखे दिसतात, कारण पुलाचे सपाट चित्र दरीच्या उतारावर अंथरलेले असते.

काही ठिकाणी फरक कायद्यामुळे पडतो. चीनमध्ये नकाशांसाठी सरकारने ठरवून दिलेली वेगळी निर्देशांक पद्धत बंधनकारक आहे. तिच्यात स्थाने हेतुपुरस्सर काहीशे मीटरपर्यंत सरकवलेली असतात. त्यामुळे तेथे उपग्रह प्रतिमा आणि तिच्यावरील रस्त्यांच्या रेषा एकमेकींशी जुळत नसल्याचे आढळते.

सावल्या आणि दृष्टिभ्रम

भूनिरीक्षण करणारे बहुसंख्य उपग्रह प्रत्येक ठिकाणावरून साधारण एकाच स्थानिक वेळी जातात. सेंटिनेल-२ साठी ही वेळ सकाळी साडेदहाच्या सुमारास असते. हिवाळ्यात भारतात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असल्याने सावल्या वायव्येकडे पडतात. सावलीच्या लांबीवरून इमारतीच्या उंचीचा आणि ऋतूचा अंदाज बांधता येतो.

मात्र यातूनच एक दृष्टिभ्रमही निर्माण होतो. चित्रात प्रकाश वरून येतो असे मानण्याची डोळ्यांना सवय असते. नकाशाची वरची बाजू उत्तर असते आणि उत्तर गोलार्धात प्रकाश बहुधा दक्षिणेकडून, म्हणजे चित्राच्या खालच्या बाजूने येतो. परिणामी दऱ्या डोंगररांगांसारख्या आणि डोंगररांगा दऱ्यांसारख्या भासतात. प्रतिमा उलटी फिरवून दक्षिण वर केल्यास हा भ्रम नाहीसा होतो.

ढग, पावसाळा आणि रडार

साधा कॅमेरा ढगांपलीकडे पाहू शकत नाही. कोकण व सह्याद्रीत जून ते सप्टेंबर या काळात निरभ्र आकाश क्वचितच मिळते. म्हणून नकाशा सेवांतील पश्चिम महाराष्ट्राच्या प्रतिमा प्रामुख्याने हिवाळ्यातल्या किंवा उन्हाळ्यातल्या असतात. धबधबे, दुथडी वाहणाऱ्या नद्या आणि भातखाचरांतील पाणी त्यांत सहसा दिसत नाही. दरडी आणि पूर या आपत्ती नेमक्या याच काळात येतात.

ही उणीव रडार उपग्रह भरून काढतात. रडारच्या सूक्ष्मलहरी ढगांतून आरपार जातात आणि रात्रीही उपयोगी पडतात. शांत पाणी रडारच्या प्रतिमेत काळे दिसत असल्याने पुराची व्याप्ती मोजता येते. इस्रोचा रिसॅट-१ (२०१२), युरोपचा सेंटिनेल-१ए (२०१४) आणि इस्रो व नासा यांनी मिळून तयार केलेला, ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला निसार हे या प्रकारचे उपग्रह आहेत. त्यांची माहिती तज्ज्ञांच्या विश्लेषणासाठी असते. नेहमीच्या नकाशा सेवेतील ‘उपग्रह’ पटात ती दिसत नाही.

सुरक्षा आणि भारतातील धोरण

सूक्ष्म प्रतिमा सर्वांसाठी खुल्या झाल्याने सुरक्षेचा प्रश्नही उपस्थित झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी संवेदनशील ठिकाणांच्या प्रतिमा इंटरनेटवर सहज मिळत असल्याबद्दल जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती. इतर देशांनीही निर्बंध घातले होते. अमेरिकेच्या १९९७ या आर्थिक वर्षासाठीच्या कायद्यातील तरतुदीमुळे इस्रायलच्या सूक्ष्म प्रतिमा अमेरिकी कंपन्यांना दीर्घकाळ विकता येत नव्हत्या. २०२० मध्ये ही मर्यादा शिथिल झाली. अमेरिकी कंपन्यांना इतरत्रही ५० सेंटीमीटरहून सूक्ष्म प्रतिमा विकण्यास मनाई होती. ती २०१४ मध्ये सैल करण्यात आली.

भारताच्या २००१ च्या सुदूर संवेदन माहिती धोरणानुसार ५.८ मीटरपर्यंतच्या विभेदनाच्या प्रतिमा निर्बंधाविना वितरित करता येत. त्याहून सूक्ष्म प्रतिमांची छाननी होत असे. २०११ च्या धोरणाने ही मर्यादा एक मीटरवर आणली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना नकाशे व भूस्थानिक माहिती तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट काढून टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण लागू झाले. दरम्यान भारताची स्वतःची क्षमताही वाढली होती. २००५ मधील कार्टोसॅट-१ चे विभेदन २.५ मीटर होते, तर नोव्हेंबर २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ चे विभेदन ३० सेंटीमीटरहून सूक्ष्म आहे.

उपयोग आणि मर्यादा

भूगोलाचा अभ्यास, प्रवास, नगररचना, जलसंधारण, वनांची पाहणी आणि शेतीचे नियोजन यांत या प्रतिमांचा मोठा उपयोग होतो. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये झालेल्या भूकंपानंतर उपग्रह कंपन्यांनी ताज्या प्रतिमा खुल्या केल्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या जगभरातील स्वयंसेवकांनी त्यांवरून काही दिवसांतच पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा तपशीलवार नकाशा तयार केला व मदतपथकांनी तो वापरला. नेहमीचा जुना पट येथे उपयोगी पडला नसता, कारण पडलेल्या इमारती त्यात उभ्याच होत्या.

जमिनीच्या वादांत या प्रतिमा सर्वाधिक जपून वापराव्या लागतात. महाराष्ट्रात जमिनीची हद्द भूमी अभिलेख विभागाच्या नोंदींवरून आणि प्रत्यक्ष मोजणीवरून ठरते. बांधाची रुंदी अनेकदा एका मीटरहून कमी असते आणि ऑनलाइन पटातील स्थानाची चूक त्याहून अधिक असू शकते. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर गटाची सीमा शेजाऱ्याच्या शेतात गेलेली दिसली, तरी त्यावरून अतिक्रमण झाले असे म्हणता येत नाही. गावठाणांतील मिळकतींच्या मोजणीसाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत कमी उंचीवरून उडणारे ड्रोन वापरले जातात. त्यामागेही अचूकतेची हीच गरज आहे.

याउलट दीर्घकालीन आणि विस्तृत बदल दाखवण्यात उपग्रह प्रतिमा अन्य कोणत्याही साधनापेक्षा सरस ठरतात. शहराची वाढ, खारफुटीचा ऱ्हास, नदीने बदललेले पात्र किंवा जलाशयात साचत गेलेला गाळ हे बदल जमिनीवरून एका नजरेत येत नाहीत. त्यासाठी एकाच ठिकाणच्या, शक्यतो एकाच महिन्यातल्या, निरनिराळ्या वर्षांच्या प्रतिमांची तुलना करावी लागते. मार्चमधील प्रतिमेची ऑक्टोबरमधील प्रतिमेशी तुलना केल्यास ऋतूतला फरकच जंगलतोड किंवा दुष्काळ म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते.